आधी मुलांना काँक्रीट बिघडवू दे

पत्र: "सर, मी इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते, दुसरंच वर्ष आहे. एम.टेक. झालं आणि सरळ शिकवायला लागले, साइटवर कधी काम केलं नाही. जानेवारीपासून काँक्रीट टेक्नॉलॉजी माझ्याकडे आलंय. मुलं वर्केबिलिटी, श्रिंकेज, क्रीप, ड्युरेबिलिटी सगळ्याच्या डेफिनिशन पाठ करतात, पेपरात लिहितात, पण समजलेलं काही नसतं. काँक्रीटचा ठोकळा मशीनवर दाबून फोडतात त्या क्यूब टेस्टचे आकडे तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतात. परवा वॉटर-सिमेंट रेशो, म्हणजे सिमेंटच्या वजनाला पाणी किती, ते शिकवत होते तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, त्याचे बाबा मिस्त्री आहेत, म्हणाला, 'मॅडम, साइट पे ऐसे नाप के पानी कोई नहीं डालता.' वर्ग हसला. मला काही बोलताच आलं नाही. एचओडी म्हणतात युनिट संपवा. मी काय करू?" – एक मॅडम, सुदामा नगर, इंदूर

वयानं तू माझ्या धाकट्या मुलीएवढी असशील म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट, त्या मुलावर चिडू नकोस, कारण तो खरं बोलला. अख्ख्या सेमिस्टरमध्ये तुला वर्गातून मिळालेला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे असं मी म्हणेन. साइटवर पाणी मापून घालत नाहीत हे खरंय, आणि का घालत नाहीत, घातलं नाही तर नेमकं काय होतं, हेच तर तुझ्या विषयाचं पोट आहे ना. तू त्याला उत्तर दिलं नाहीस तेही बरंच झालं, कारण तोंडी उत्तर दिलं असतंस तर ते पुस्तकातलं असतं आणि पुस्तकातलं उत्तर त्याला पटलं नसतं. त्याला उत्तर काँक्रीटकडून मिळायला हवं.

मी सहा वर्षं साइटवर होतो आणि मग २७ वर्षं शिकवलं, आणि शिकवायला लागल्यावर पहिली तीन-चार वर्षं मीही तेच केलं जे तू करतेयस, म्हणजे फळ्यावर सिमेंटच्या कारखान्याची भट्टी काढायची, मग सिमेंटमधली चार मुख्य संयुगं, बोगचे कंपाउंड म्हणतात ती, मग प्रॉपर्टीज एक-दोन-तीन-चार. मुलं लिहून घ्यायची आणि विसरायची. बदललो ते एका बॅचमुळे, ज्यांच्याकडून चुकून खराब काँक्रीट झालं, पाणी भयंकर जास्त पडलं, मी म्हटलं जाऊ दे आता भरूनच टाका साचे, आणि २८ दिवसांनी तो क्यूब मशीनवर असा काही भुसभुशीत फुटला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. त्या बॅचला वॉटर-सिमेंट रेशो मला परत शिकवावा लागला नाही. तेव्हापासून मी मुद्दाम काँक्रीट बिघडवायला लावायला लागलो. तुलाही तेच सांगतो, सगळं पत्र वाचून माझं एवढंच म्हणणं आहे की चांगलं काँक्रीट शिकवायच्या आधी त्यांना त्यांच्या हातानं वाईट काँक्रीट करू दे.

कसं करायचं ते नीट सांगतो. १० किलो सिमेंट, १५ किलो रेती, ३० किलो गिट्टी, हे घेतलंस की साधारण २५ लिटर माल होतो. १५० मिलिमीटरच्या क्यूबला जवळजवळ साडेतीन लिटर लागतो, म्हणजे सहा क्यूब आरामात भरतात आणि थोडा उरतो. तुझ्या प्रॅक्टिकलच्या तीन बॅच असतील ना, ए बी सी, तर तिघांना सिमेंट रेती गिट्टी अगदी तेवढीच द्यायची, फक्त पाणी वेगळं. एकीला साडेचार लिटर, दुसरीला साडेपाच, तिसरीला साडेसहा. म्हणजे ०.४५, ०.५५, ०.६५. तिन्ही मिळून सिमेंट ३० किलो, एक गोणीसुद्धा संपत नाही, त्यामुळे कोणी बजेटचं कारण सांगू शकणार नाही. साचे सहाच असले तरी चालतात कारण दुसऱ्या दिवशी क्यूब साच्यातून काढता येतो, एक बॅच सोमवारी भरेल, दुसरी बुधवारी, तिसरी शुक्रवारी. हातमोजे मात्र घालायलाच लाव, ओल्या सिमेंटनं कातडी सोलवटते आणि मुलं हे अजिबात मनावर घेत नाहीत.

आता बघ काय होतं. साडेचार लिटरवाली बॅच कुरकुर करणार, माल कोरडा आहे, साच्यात बसत नाहीये, सळईनं ठोकून ठोकून हात दुखले. स्लंप कोन, म्हणजे माल भरून बघायचा तो पत्र्याचा शंकू, उचलला की ढिगारा जागचा हलणार नाही. साडेसहावाली बॅच खूष असणार, माल कसा मस्त लोण्यासारखा बसतोय, कोन उचलला की बसकण मारतो. इथे तू काही बोलायचं नाहीस. उलट त्या मिस्त्रीच्या मुलाला विचार, की साइटवर तुझे बाबा यातला कुठला माल पसंत करतील. तो तिसरा म्हणेल आणि बरोबरच म्हणेल, कारण दिवसभर तगाऱ्या उचलणाऱ्या माणसाला माल ढिला असला की कंबर वाचते, हे लिहून घ्यायला लाव सगळ्यांना. वर्केबिलिटी म्हणजे काय याची व्याख्या मग वेगळी द्यावी लागत नाही, ती त्यांच्या दंडात भरलेली असते.

त्यानंतर २८ दिवस थांबायचं. या थांबण्यात गंमत अशी आहे की २८ म्हणजे बरोब्बर चार आठवडे, सोमवारी भरलेला क्यूब सोमवारीच तोडायला येतो, तुझ्या त्याच पिरियडला. टाइमटेबलची अडचण येत नाही, फक्त सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात भरायला पाहिजेत. जुन्या जर्नलमधून आकडे उतरवतात ना, त्याचं मोठं कारण हेच असतं की क्यूब भरतात उशिरा, मग २८ दिवस होईपर्यंत सबमिशन येऊन ठेपतं. क्यूबवर मार्करनं तारीख आणि रोल नंबर लिहायला लाव. स्वतःचा रोल नंबर असलेला क्यूब किती टनाला फुटतो हे बघायला मुलगा सुट्टीच्या दिवशीही येतो, मी पाहिलंय.

तोडायच्या आधी प्रत्येकाला तो क्यूब हातात उचलायला दे. आठ किलोच्या आसपास भरतो. मग विचार यावर किती वजन ठेवलं तर फुटेल, आणि प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिही. कोणी २०० किलो म्हणेल, कोणी एक टन. एम २० चा क्यूब, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन झेलणारा, २२,५०० चौरस मिलिमीटरवर २० न्यूटनप्रमाणे ४५० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ४६ टन, गच्च भरलेले दोन-अडीच ट्रक त्या वीतभर ठोकळ्यावर उभे केल्यासारखं. हे कॅल्क्युलेशन त्यांनी अंदाज चुकल्यानंतर केलं पाहिजे, आधी नाही.

क्यूब फुटल्यावर पोरं रीडिंग लिहून पळतात, त्यांना पळू देऊ नकोस. तुकडे खाली बसून गोळा करायला लाव. चांगला फुटलेला क्यूब डमरूसारखा दिसतो, चारी बाजू निखळतात आणि वर-खाली दोन पिरॅमिड उरतात, कारण मशीनच्या प्लेटा टोकांना धरून ठेवतात, मधला भाग मोकळा असतो. मग साडेसहा लिटरवाल्या क्यूबचा तुकडा घे आणि त्यातली गिट्टी बोटानं उचकटून बघ. गिट्टी स्वच्छ निघून येते, पाठीमागे तिच्या आकाराचा गुळगुळीत खड्डा राहतो, जसा काही साचाच. साडेचारवाल्यात गिट्टी सहजी सुटत नाही, सुटली तरी तिला सिमेंट-रेतीचा मसाला चिकटलेला असतो. आपला माळव्याचा काळा दगड भक्कम आहे, तो लवकर मोडत नाही, हार खातो तो मसाला आणि दगडाला चिकटलेला त्याचा पापुद्रा. तुकडा हातात धरून हे दोन मिनिटं दाखव, बाँडवर एक तास बोलण्यापेक्षा बरं.

आणि आता पाण्याचं सांग. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकंच, २३ ते २५ टक्के, पाणी लागतं, आणि सिमेंट-पाण्यातून जो जेल तयार होतो त्याच्या आत अडकून राहणारं धरलं तर ३८ टक्क्यांच्या आसपास. त्याच्या वरचं सगळं पाणी आपण फक्त माल हलावा म्हणून घालतो, ते नंतर उडून जातं आणि आपली जागा रिकामी ठेवून जातं, त्या पोकळ्या म्हणजेच कमी ताकद आणि गळती. पोहे भिजवताना पाणी जास्त झालं तर चाळणीत निथळून टाकता येतं, काँक्रीटमधलं पाणी असं निथळता येत नाही, हे मी दरवर्षी सांगायचो आणि इंदूरच्या मुलांना ते एकदम कळायचं. डफ अब्रॅम्स या अमेरिकन संशोधकानं शिकागोत १९१८ साली हा रेशोचा नियम, पाणी वाढलं की ताकद घटते, मांडला तोही हजारो नमुने फोडूनच, खुर्चीत बसून सुचलेला नाही, हेही त्यांना सांग.

एक सावधगिरी, रेती. नर्मदेची रेती ट्रकमधून ओलीच उतरते. १५ किलो रेतीत ५ टक्के ओल असली तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी तिच्यातच आलं, तुझा ०.४५ चा रेशो न सांगता ०.५२ झाला. म्हणून रेती आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये थोडी वाळवून ओल मोजायला लाव. आणि बल्किंग, म्हणजे ओल्या रेतीचं फुगणं, दाखवायला तर काहीच लागत नाही, एका काचेच्या बरणीत ओली रेती सैल भर, खूण कर, मग वरून पाणी ओतून काडीनं ढवळ, रेती खूण सोडून सरळ खाली बसते. तगारीनं रेती मोजणारा माणूस रोज किती फसतो हे मुलांना त्या बरणीत दिसतं.

सहा क्यूबपैकी तीन पाण्याच्या टाकीत ठेव आणि तीन गच्चीवर उन्हात, पाण्याचा थेंब न देता. २८ दिवसांनी दोन्ही तोड. पण एक लक्षात ठेव, गच्चीवरचे तीनही तोडायच्या आदल्या दिवशी पाण्यात टाक, कारण कोरडा क्यूब मशीनवर जरा जास्त आकडा दाखवतो आणि तुलना खोटी पडते. (पावसाळ्याच्या सेमिस्टरला गच्ची चालणार नाही, तेव्हा लॅबच्या कपाटावर ठेव.) याच्या आधी एक छोटं काम कर, थोडी सिमेंटची पेस्ट एका डबीच्या झाकणात भरून झाकण हळूच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेव आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर काढ. टणक झालेली असते. आपण घरात दारात सगळे म्हणतो 'सिमेंट सुकलं', हिंदीत 'सूख गया', आणि या एका शब्दानं केवढं नुकसान केलंय म्हणून सांगू. सिमेंट सुकून कडक होत नाही, पाणी पिऊन होतं. वाळलं की त्याचं वाढणं थांबतं. ज्याला वाटतं की ते सुकायला पाहिजे तो तराई कशाला करेल, म्हणजे पाणी मारत कशाला राहील? आपलं काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या सिमेंटला निदान ७ दिवस म्हणतं आणि फ्लाय अ‍ॅशवालं, म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं, किंवा कोरडी-गरम हवा असेल तर १० दिवस, आणि आज बाजारातली गोणी बहुतेक पीपीसीच, म्हणजे त्या राखेवालीच, असते, त्यात मे महिन्यातली आपल्याकडची हवा, तेव्हा १० च्या खाली जायचंच नाही आणि जमलं तर १४ करायचे, असं शिकव.

आता माझी एक गोष्ट सांगतो, ती मी वर्गात दरवर्षी सांगितली आहे आणि दरवेळी सांगताना घशाशी येतं. माझी पहिलीच नोकरी, इंदूरजवळची साइट, एका रिटायर होऊ घातलेल्या क्लार्कचं दुमजली घर, पीएफचे सगळे पैसे त्यात. मे महिना. स्लॅब सकाळी सातला सुरू व्हायचा तो मिक्सर बिघडल्यामुळे अकराला सुरू झाला. गोणीला २५ लिटर पाणी ठरलं होतं. मिक्सरच्या पहिल्या तीन-चार घाण्या माझ्यासमोर मापून झाल्या, त्याच मालाचे मी क्यूब भरले आणि सावलीत जाऊन वहीत नोंद करत बसलो. इकडे ऊन चढलं, माल आटायला लागला, पुढे ढकलला जाईना, तेव्हा प्रत्येक घाणीत एक बादली पाणी जास्त पडायला लागलं, २५ चं ३५ झालं, ०.५ चं ०.७. मी वर चढलो तेव्हा अर्धा स्लॅब भरून झाला होता आणि थांबवायची माझी हिंमत झाली नाही. २८ दिवसांनी क्यूब छान पास झाले. पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला, वरच्या खोलीत झाडू मारला की राखाडी पूड निघायची. शेवटी एक भाग फोडून परत करावा लागला. ते गृहस्थ मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त विचारलं, "साहेब, टेस्ट तर पास झाली होती ना?"

मुलांना हे सांगून विचार की चूक कुठे झाली. क्यूब खोटं बोलला नाही, त्यानं त्या पहिल्या घाण्यांबद्दल खरं सांगितलं, मी त्याला पूर्ण स्लॅबबद्दल विचारलंच नव्हतं. सॅम्पलिंग, म्हणजे नमुना कुठून आणि कधी घ्यायचा, हा पुस्तकात अर्ध्या पानाचा विषय आहे आणि सगळे तो ओलांडून पुढे जातात. तू ओलांडू नकोस.

म्हणून जर्नलमध्ये नापास आकडाही लिहू दे. एम २० च्या क्यूबला १४ आला तर १४ लिहायचा आणि खाली चार ओळी, का आला असेल, ठोकणं कमी पडलं, पाणी जास्त, की तिरका ठेवला मशीनवर. मार्क त्या चार ओळींना दे. एकदा मुलांना कळलं की १४ लिहूनही पूर्ण मार्क मिळतात, की जुनी जर्नलं आपोआप बंद होतील. पुढे जेव्हा कोणी त्यांना रिपोर्टवर २१ लिहायला सांगेल तेव्हा निदान हात थोडा अडखळेल.

टेन्शनमध्ये, म्हणजे ताणात, काँक्रीट कमजोर आहे हे खडूनं दाखवता येतं. दोन टोकं धरून वाकवला की कट्कन मोडतो, टोकांवर सरळ दाबला की मोडत नाही, पिळला की तिरपा मोडतो. दाबाच्या ताकदीच्या एक दशांशाच्या आसपास ताणाची ताकद, म्हणून सळई, आणि सळई जमते कारण ती आणि काँक्रीट उन्हात जवळपास सारखंच वाढतात. क्रीप, म्हणजे त्याच वजनाखाली हळूहळू वाकत जाणं, वर्गात दाखवता येत नाही, तेव्हा मुलांना लायब्ररीत ने आणि पुस्तकांच्या वजनानं मध्ये वाकलेली जुनी लाकडी फळी दाखव, वजन वाढलेलं नाही, वर्षं वाढलीत. बाकी स्पेशल काँक्रीटचे दहा प्रकार वगैरे, ते नोट्स देऊन टाक, परीक्षेपुरतं वाचतील. एचओडींचं युनिट तिथे भरून निघेल.

ड्युरेबिलिटीसाठी मात्र एक प्रयोग जरूर कर. रस्ता रुंदीकरणात पाडलेल्या घरांचा मलबा इंदुरात शोधावा लागत नाही, त्यातला एखादा जुन्या छज्ज्याचा किंवा कॉलमचा सळईसकट तुकडा आण. वर्गात हातोडीनं ताजा फोड आणि केमिस्ट्री लॅबमधून फिनॉल्फ्थॅलीन मागून त्या ताज्या फुटीवर शिंपड. आतला भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरून एक पट्टा तसाच राखाडी राहतो. नवीन काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या वर असतो, त्यात सळई सुरक्षित असते, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो आणि पीएच ९ पर्यंत उतरला की सळईचं ते संरक्षण जातं. पट्टीनं राखाडी पट्टा मोजायला लाव आणि मग सळईपर्यंत किती अंतर आहे ते मोज. सळई राखाडीत असली तर गंजलेली दिसेल, गुलाबीत असली तर बहुतेक वेळा निळसर स्वच्छ. कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर, का, तो थर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचा खडा सळईखाली सरकवणं का वाईट, हे त्या गुलाबी रंगानं जे कळतं ते कुठल्याच स्लाइडनं कळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं घरी जाऊन बापाला कव्हर ब्लॉक आणायला लावले होते.

आता तुझं साइटवर न जाणं. हे लपवू नकोस, आणि त्याची लाजही धरू नकोस, फक्त भरून काढ. इंदुरात कुठल्या ना कुठल्या कॉलनीत रोज स्लॅब भरला जातो. महिन्यातून दोन शनिवार सकाळी सातला जाऊन उभी राहा, पहिल्या गोणीपासून शेवटच्या तगारीपर्यंत, मध्ये निघायचं नाही. बघ पाणी कोण घालतं, कधी घालतं, व्हायब्रेटर कुठे पोचत नाही, जेवणाची सुट्टी झाल्यावर जोड कुठे पडतो. वर्षभरात तुला जे दिसेल ते कुठल्याच एम.टेक.मध्ये शिकवत नाहीत.

आणि त्या मुलाच्या बाबांना एका प्रॅक्टिकलला बोलव. खरंच बोलव, मान देऊन, एचओडींकडून पत्र काढून, चहा-नाश्ता ठेवून. त्यांना सांग की तुमच्या अंदाजानं पाणी घालून माल बनवा. ते मुठीत माल दाबून बघतील, थापीनं घासून बघतील, आणि त्यांनी ठरवलेलं पाणी आधी मापून ठेव. तुला वाटतं त्यापेक्षा ते आकड्याच्या जवळ असतील, चांगल्या मिस्त्रीचा हात वीस वर्षांत मापच झालेला असतो. त्यांच्या मालाचे क्यूब भर, त्यांचं नाव लिही त्यावर, आणि २८ दिवसांनी तोडताना त्यांना परत बोलव. आकडा चांगला आला तर वर्गानं त्यांना विचारायचं की हाताला हे कसं कळतं, आणि कमी आला तर त्यांनी आणि तुम्ही मिळून शोधायचं की पाणी कुठे वाढलं. हरवायला बोलवू नकोस त्यांना, मुलाच्या देखत तर मुळीच नाही.

तारीख ठरली की मला कळव. मी रामबागेत राहतो, रिक्षा करून येईन, मलाही त्यांच्याकडून मुठीतला माल बघायचा आहे.